उमेदीची राखण

जळगाव, धुळे, अमळनेर, चोपडा, शिरपूर. खानदेशातल्या मोठ्या गावांत आता जागोजागी अभ्यासिका दिसतात. पहाटे मैदानावर सोळाशे मीटरची धाव, नंतर आंघोळ आणि डबा, मग रात्रीपर्यंत खुर्ची. पोलीस भरती, तलाठी, राज्यसेवा, बँक, रेल्वे अशी प्रत्येकाची वही वेगळी. या मुलामुलींना अडचण विचारली, तर 'अभ्यास कठीण आहे' असं म्हणणारे थोडेच भेटतात. बहुतेकांचं उत्तर असतं, 'मनच लागत नाही.' तिकडे रावेर-यावलच्या पट्ट्यात वाऱ्याने केळी आडवी झाल्यावर आपली शेतकरी माणसंही तेच बोलतात: 'पैसा उभा करता येईल हो, पण पुन्हा लागवडीला मन होत नाही.'

या लेखात मला एकच गोष्ट सांगायची आहे. उमेद आपोआप येईल म्हणून वाट पाहत बसू नका. ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी, चार माणसांच्या सोबतीने काम सुरू केलं की ती मागून येते. आली की तिची राखण करावी लागते, म्हणजे मनात काय शिरतंय यावर रोज लक्ष ठेवावं लागतं. या दोन्ही गोष्टी शिकता येतात आणि त्या शिकवणारी माणसं आपल्याच भागात होऊन गेली आहेत.

धुळ्याच्या तुरुंगातले अठरा रविवार

१९३२ साल. सविनय कायदेभंगाच्या चळवळीत पकडलेल्या सत्याग्रहींनी धुळ्याचा तुरुंग भरला होता. विनोबा भावे, साने गुरुजी, जमनालाल बजाज अशी माणसं तिथे एकत्र आली होती. तुरुंगात मन खचायला फार काही घडावं लागत नाही. घरची खबर नाही, बाहेरच्या चळवळीचं काय चाललंय ते कळत नाही, कानावर येतं ते अर्धवट, आणि दिवस संपता संपत नाही. आपल्या हातात काहीच नाही ही भावना माणसाला आतून पोखरते.

त्या कैद्यांनी एक ठरवलं. दर रविवारी विनोबा गीतेच्या एका अध्यायावर बोलतील. २१ फेब्रुवारी १९३२ ला पहिलं प्रवचन झालं, १९ जूनला शेवटचं. अठरा रविवार, अठरा अध्याय. समोर बसलेले साने गुरुजी ते सगळं हाताने उतरवून घेत होते. 'गीता प्रवचने' हे पुस्तक त्या टिपणांतून तयार झालं आणि पुढे भारतातल्या अनेक भाषांत गेलं. याच साने गुरुजींनी पुढच्या वर्षी नाशिकच्या तुरुंगात, फेब्रुवारी १९३३ मध्ये, पाच दिवसांत 'श्यामची आई' लिहून काढलं.

गीतेवर तुमची श्रद्धा असो वा नसो, या व्यवस्थेकडे नीट पाहा. वार ठरलेला होता. एका वेळी एकच अध्याय होता, त्यामुळे ओझं पेलण्याइतकं होतं. आणि प्रत्येकाला काम होतं: एकाने बोलायचं, एकाने लिहायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. या रविवारी मन लागतंय का, हा प्रश्न त्या रचनेत कुठेच नव्हता. रविवार आला की बसायचं, एवढंच होतं. गजाआड माणसाला हे जमलं, तर अभ्यासिकेत आणि मळ्यातही जमायला हवं.

वेळ, जागा आणि काम एका वाक्यात बांधा

'उद्यापासून जोरात अभ्यास करतो' ही इच्छा झाली, तिला अजून ठरवणं म्हणता येत नाही. मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलविट्झर यांनी १९९९ मध्ये मांडलेला आणि नंतर पुष्कळ वेळा तपासला गेलेला मुद्दा असा, की 'अमुक झालं की मी तमुक करीन' अशी नेमकी जोडणी आधीच करून ठेवणाऱ्यांच्या हातून काम पार पडण्याची शक्यता वाढते. ऐन वेळी 'करू की नको' हा वाद मनात उभा राहत नाही.

म्हणून वाक्य असं लिहा: 'संध्याकाळी सात वाजता अभ्यासिकेत बसल्या बसल्या, दुसरं काही न उघडता, गणिताची दहा उदाहरणं.' त्याच्याखाली अडचणीचं वाक्य: 'लाइट गेली तर चालू घडामोडींची वही घेऊन बाहेर बसीन आणि तोंडी उजळणी करीन.' हा कागद टेबलावर डोळ्यांसमोर चिकटवा.

एखादा दिवस बुडणारच. घरी लग्न असेल, पाहुणे येतील, ताप येईल. बुडालेल्या दिवसाची भरपाई म्हणून दुसऱ्या दिवशी दुप्पट काम घेऊ नका. ते पूर्ण होत नाही, मग अपराधी वाटतं आणि तिसरा दिवसही जातो. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला, तेवढंच काम करा.

आपल्याकडे ऊनही हिशेबात धरावं लागतं. जळगाव-भुसावळचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या पुढे जातो. पत्र्याच्या खोलीत दुपारी दोन वाजता डोकं चालत नाही. तो तुमचा आळस नसतो, उकाड्याने शरीर थकलेलं असतं. उन्हाळ्याचे दोन महिने अवघड विषय पहाटे घ्या, दुपार हलक्या कामाला आणि थोड्या झोपेला ठेवा. 'मी चारच तास झोपतो' याचा अभिमान तर मुळीच नको. वाचलेलं डोक्यात पक्कं व्हायला झोप लागते. झोप मोडून केलेला अभ्यास टिकत नाही आणि चिडचिड मात्र वाढते.

वाऱ्याने बाग झोपली असेल, तरी रीत हीच. पूर्ण नुकसान एकदम डोळ्यांसमोर आणलं की हातपाय गळतात. एका दिवसाला एक काम लावा. आज फोटो काढून विमा कंपनीला मुदतीत सूचना. उद्या तलाठ्याकडे पंचनाम्याची चौकशी. परवा उभी राहिलेली झाडं मोजून त्यांना आधार. काम छोटं असलं तरी ते पूर्ण झालेलं डोळ्यांना दिसलं पाहिजे.

मनात काय शिरतंय?

सकाळी डोळे उघडल्यावरची पहिली दहा मिनिटं आठवून पाहा. उशाखालचा फोन हातात येतो. गावातल्या मुलाचा गुलालाने माखलेला फोटो आणि खाली शंभर अभिनंदनं. एका ग्रुपवर 'भरती पुढे ढकलली', दुसऱ्यावर 'पेपर फुटला', दोन्हींना ना तारीख ना सही. मग कुणीतरी ओरडून ओरडून यशाचे मंत्र सांगणारी चित्रफीत. केळीवाला असेल तर बऱ्हाणपूरचा भाव आणि त्याखाली भाव आणखी पडणार म्हणून कुणाचा तरी अंदाज. दात घासायच्या आधीच मत्सर, भीती, संशय आणि घाई मनात येऊन बसलेली असतात.

वाईट गोष्टींचा ठसा चांगल्यापेक्षा खोल उमटतो, हा सगळ्यांचाच अनुभव आहे. मानसशास्त्रज्ञ रॉय बाउमायस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये पुष्कळ संशोधनांचा आढावा घेऊन हेच दाखवून दिलं. दहा जणांनी कौतुक केलं तरी रात्री आठवतो तो अकराव्याचा टोमणा. हा तुमच्या स्वभावाचा दोष नाही, मनाची ठेवणच तशी आहे. म्हणूनच राखण लागते.

केळीवर हरण्या, म्हणजे सीएमव्ही हा विषाणूरोग, आला की आपले बागायतदार काय करतात ते आठवा. पावसाळी ढगाळ दिवसांत कोवळ्या पानावर तुटक पिवळे पट्टे दिसले, की ते झाड वाचवायच्या भानगडीत कुणी पडत नाही. त्यावर औषध नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं. झाड मुळासकट उपटतात, बागेबाहेर नेऊन पुरतात किंवा जाळतात. रोग वाहून नेणाऱ्या माव्याचा बंदोबस्त करतात. बांधावरचं तण काढतात आणि बागेत काकडीवर्गीय वेल लावत नाहीत, कारण रोग तिथे लपून राहतो. मुख्य म्हणजे रोज बागेतून फिरतात. चार झाडं गेली म्हणून बाग कुणी सोडून देत नाही, आणि चारच आहेत म्हणून दुर्लक्षही करत नाही. मनाची राखण अशीच करायची: लवकर ओळखायचं, तेवढंच काढायचं, वाट बंद करायची.

वाटा बंद करण्याचे काही साधे नियम सांगतो.

उठल्यावर पहिला तास फोन नको. गजराचं निमित्त नको म्हणून साधं घड्याळ घ्या आणि फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा.

बातमी मुळातून घ्या. परीक्षेचं असेल तर आयोगाचं किंवा त्या विभागाचं अधिकृत संकेतस्थळ, तेही दिवसातून एकदा, ठरलेल्या वेळी. कुणीतरी पुढे पाठवलेल्या निरोपावर ना विश्वास ठेवा, ना तो पुढे पाठवा. बाजारभावही एकदाच पाहा. दिवसातून दहा वेळा पाहिल्याने भाव वाढत नाही, काळजी वाढते.

ज्या ग्रुपवरून बाहेर पडल्यावर मन जड होतं, तो महिनाभर म्यूट करा. महिन्यानंतर काय बुडालं ते तपासा.

उमेद देणाऱ्या भाषणांनाही माप ठेवा. अर्धा तास अंगावर काटा येतो, पण कृती काही होत नाही. ऐकायचंच असेल तर काम झाल्यावर ऐका.

टोमणा आणि टीका वेगळी करा

राखण म्हणजे कान झाकून घेणं नव्हे. 'तुझे निबंध पसरट होतात, मुद्दा शेवटी येतो' ही टीका झाली. ती तुमच्या कामाबद्दल आहे आणि पुढे काय करायचं ते सांगते. कडू लागली तरी वहीत लिहून घ्या, सांगणाऱ्याचे आभार माना. 'तुझ्याच्याने काय व्हायचं!' हा टोमणा. त्यातून करण्यासारखं काहीच हाती लागत नाही. तो उपटून बाहेर टाका.

लग्नाकार्यात ठरलेला प्रश्न येतोच, 'मग, अजून किती दिवस?' विचारणाऱ्याच्या मनात नेहमीच वाईट असतं असं नाही. पण ऐन वेळी उत्तर शोधताना जीव कसनुसा होतो, म्हणून ते आधीच तयार ठेवा. 'काका, पुढच्या वर्षीच्या परीक्षेपर्यंत ठरवलंय. नाही झालं तर दुसरा रस्ताही ठरलेला आहे.' आवाज शांत आणि नजर समोर. तिथेच विषय संपतो.

हे उत्तर खोटं मात्र नसावं. दुसरा रस्ता खरंच ठरवा. किती प्रयत्न करायचे, कोणत्या तारखेला थांबून विचार करायचा आणि त्यानंतर काय करायचं, हे आज मन शांत असताना घरच्यांसोबत बसून लिहून ठेवा. 'हे नाही झालं तर सगळं संपलं' ही भीती सतत मानेवर असेल तर अभ्यास होत नाही. थांबायची तारीख ठरली की मधले दिवस मोकळ्या मनाने वापरता येतात.

चांगलं आत आणा

वाईट बाहेर काढून भागत नाही. रिकाम्या जागेत ते परत येतं. साने गुरुजी १९२४ ते १९३० अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते आणि तिथलं वसतिगृहही सांभाळत. घर सोडून आलेल्या त्या मुलांसाठी ते 'छात्रालय दैनिक' नावाचं हस्तलिखित रोज काढत. मुलांनी काय वाचू नये याची यादी करत बसण्यापेक्षा त्यांनी रोज वाचण्याजोगं काही त्यांच्यासमोर ठेवलं.

घरात किंवा खोलीवर हे सहज करता येईल. एका फळ्यावर रोज एकाने एक गोष्ट लिहायची: एखादी चांगली बातमी, एखाद्याच्या चिकाटीची हकिगत, पुस्तकातला समजलेला मुद्दा. झोपण्यापूर्वीची वीस मिनिटं पुस्तकाला द्या, परीक्षेबाहेरच्या. मनाला दिवसाचा शेवट काय मिळतो, यावरही झोप अवलंबून असते.

मनाशी बोला, मनाच्या आवाजात बोलू नका

धुळ्यात समर्थ वाग्देवता मंदिर आहे. शंकर श्रीकृष्ण देव यांनी गावोगाव फिरून मिळवलेली रामदासी हस्तलिखितं तिथे जपून ठेवली आहेत. समर्थ रामदासांचे मनाचे श्लोक २०५. मनाला समोर बसवून, समजावत, कधी दटावत, कधी गोंजारत त्याच्याशी बोलायची ही रीत आपल्या आजी-आजोबांच्या रोजच्या म्हणण्यात होती. 'मी' आणि 'माझं मन' यांत थोडं अंतर पडलं की मन म्हणेल ते सगळं खरं मानायची सक्ती उरत नाही.

मिशिगन विद्यापीठातले ईथन क्रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत याच्या जवळचंच काही आढळलं. ताणाच्या प्रसंगाआधी स्वतःला 'मी'ऐवजी नावाने किंवा 'तू' म्हणून संबोधणाऱ्यांना तो प्रसंग अधिक चांगला हाताळता आला आणि नंतर त्यावर त्यांनी कमी कुढलं.

वहीत एक पान घ्या, मधोमध रेघ मारा. डावीकडे 'काय घडलं', उजवीकडे 'मन काय म्हणतं'. डावीकडे लिहा: 'लेखी परीक्षेत सहा गुण कमी पडले. चूक बहुतेक गणितात.' उजवीकडे: 'माझ्याच्याने काही होणार नाही. घरच्यांचे पैसे वाया गेले.' दोन्ही बाजू शेजारी शेजारी वाचल्या की कळतं, डावीकडे काम आहे आणि उजवीकडे निव्वळ भीती. मग खाली स्वतःचं नाव घेऊन एक ओळ लिहा: 'योगेश, तुझं गणित कच्चं आहे. रोज दहा उदाहरणं, तीन महिने.' नाव स्वतःचं घाला. खोटं कौतुक नको आणि शिवीही नको. धाकट्या भावाशी बोलाल तसं बोला.

हात चालू ठेवा

काही दिवस असे येतात की विचार करून विचार सुटत नाही. तेव्हा आधी हात हलवावे लागतात. बहिणाबाई चौधरींचं आयुष्य याचा दाखला आहे. १८८० मध्ये आसोद्यात जन्म, जळगावच्या चौधरी घराण्यात लग्न आणि तिशीच्या सुमारास वैधव्य. पदरात तीन मुलं. शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. शेत आणि घर ओढताना, जात्यावर, चुलीपुढे, वाटेने चालताना त्या गाणी रचत गेल्या. मुलगा सोपानदेव आणि एक आप्त ती उतरवून घेत. १९५१ मध्ये त्या गेल्या आणि १९५२ मध्ये आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ती गाणी छापून आली. 'मन' नावाची आख्खी कविता रचणाऱ्या या बाईला मन किती अनावर असतं हे पुरतं ठाऊक होतं. दुःख नाकारायचं त्यांनी मनात आणलं नाही. त्या काम करत राहिल्या आणि आतलं शब्दांत मांडत राहिल्या. आज उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला त्यांचं नाव आहे.

जड दिवशी मोठे निर्णय घेऊ नका. उठा, अंथरूण घडी करा, आंघोळ करा, बाहेर पडा. जळगावात असाल तर मेहरूण तलावाकडे चालून या. गावी असाल तर मळ्यात एक चक्कर टाका, आईला दळण आणून द्या. शरीर हललं की मनाची गाठ थोडी सैल होते आणि मग वही उघडता येते.

आणि हिवाळ्यात मळ्यात भरिताचा बेत ठरला, मित्रांनी बोलावलं, तर जा. काटक्यांवर भाजलेलं वांगं, गरम पुऱ्या आणि चार तासांच्या गप्पा यांनी अभ्यास बुडत नाही. 'मी मजा कशी करू' म्हणून घरी बसून राहिलात, तर तेवढे चार तास फोनमध्ये जातात आणि मनही आंबतं.

एवढ्याने भागलं नाही तर

हे सगळं रोजच्या मरगळीसाठी आहे. पण दोन आठवडे उलटले तरी उदासी हटत नसेल, झोप आणि भूक बिघडली असेल, आवडीच्या गोष्टीतही रस उरला नसेल किंवा जगणं नको वाटत असेल, तर तो आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. इथे इच्छाशक्तीची परीक्षा पाहू नका.

साने गुरुजींचं उदाहरण मी वर आनंदाने दिलं, म्हणून पुढचंही सांगायला हवं. इतरांना एवढी उमेद देणाऱ्या या माणसाला स्वतःच्या निराशेने घेरलं आणि ११ जून १९५० रोजी त्यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं. चांगुलपणा, विद्वत्ता, लोकांचं प्रेम यांतलं काहीही या आजारापासून माणसाला वाचवेलच असं नाही. आज आपल्याकडे मदतीच्या ज्या वाटा आहेत, त्या त्यांच्या काळात नव्हत्या. त्या वापरायला लाजू नका.

'टेलि-मानस' ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत आणि मराठीतून उपलब्ध आहे. जळगावचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि धुळ्याचं श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय यांच्या रुग्णालयांत मानसोपचाराची चौकशी करा.

घरच्यांनो, मुलगा किंवा घरधनी अबोल झाला असेल, तर सरळ विचारा, 'मनात मरणाचे विचार येतात का?' विचारल्याने तो विचार रुजत नाही, उलट बोलायला वाट मिळते. सल्ला देण्याआधी पूर्ण ऐकून घ्या. 'जरा धीट हो' असं म्हणू नका. त्या दिवसांत त्याला एकटं सोडू नका, आणि फवारणीची औषधं कुलपात ठेवून किल्ली दुसऱ्याच्या हाती द्या.

सुरुवात कुठून?

सगळं एकदम धरू नका. या आठवड्यात तीनच गोष्टी करा. वेळ, जागा आणि काम यांचं एक वाक्य लिहून भिंतीवर लावा. रात्री फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. तिसरी गोष्ट सर्वांत मोलाची: तीन-चार जणांची एक बैठक जमवा. आठवड्यातून एकदा, तासभर. प्रत्येकाने सांगायचं: या आठवड्यात काय केलं, कुठे अडलं, पुढच्या आठवड्यात काय करणार. एकाने वहीत लिहून घ्यायचं आणि पुढच्या वेळी तिथूनच सुरुवात करायची. परीक्षा देणारे असोत, एकाच शिवारातले शेतकरी असोत की गल्लीतल्या बचत गटातल्या बाया, रीत तीच. तिथे तुलना नको, फुशारकी नको आणि ऐकलेलं बाहेर सांगणंही नको. आपण काय केलं हे दर आठवड्याला कुणीतरी आपुलकीने विचारणार आहे, एवढ्या एका गोष्टीने पुष्कळ दिवस वाचतात.

ती माणसं कोण, हे तुमच्या मनात आत्ताच आलं असेल. त्यांतल्या एकाला फोन करा आणि विचारा, 'रविवारी तासभर बसायचं का?'